बूट आधी धुवा : ऑन्डरस्टेपूर्टच्या अभ्यासदौऱ्याची तयारी

पहिल्या दौऱ्याच्या वेळी आमच्या सामानाच्या यादीत कॅमेरा, दुर्बीण, टोपी, मेथीचे ठेपले आणि लोणचं होतं. बूट शेवटून दुसरे. प्रिटोरियात पोचल्यावर यजमान प्राध्यापकांनी स्वागताचे चार शब्द बोलून झाल्यावर विचारलं, "गेल्या आठवड्यात गोठ्यात कोण कोण जाऊन आलंय?" चौदा जणांपैकी अकरांनी मोठ्या अभिमानाने हात वर केले. पुढचा प्रश्न आला, "याच बुटांनी?" मग कोणाचाच हात वर गेला नाही आणि खालीही आला नाही.

पशुवैद्यक शाखेचे विद्यार्थी घेऊन मी दोनदा दक्षिण आफ्रिकेला गेले आहे. दुसऱ्यांदा जाताना यादी बुटांपासून सुरू केली. परदेशातल्या वन्यजीव संशोधन केंद्रात आपण पाहुणे म्हणून जातो, पण तिथल्या जनावरांच्या दृष्टीने आपण रोगाचे संभाव्य वाहक असतो. दौऱ्याचा प्रत्येक टप्पा ही गोष्ट धरून आखला तर तो नीट पार पडतो. नाहीतर ती सहल होते, आणि सहलीला ताडोबा जवळ पडतं.

कुठे जायचं

प्रिटोरिया विद्यापीठाची पशुवैद्यक विद्याशाखा शहराच्या उत्तरेला ऑन्डरस्टेपूर्टला आहे. देशात पशुवैद्यकाची पदवी देणारी ही एकच जागा. इथली संशोधन संस्था १९०८ची, विद्याशाखा १९२०ची, आणि दोन्हींच्या मुळाशी आहेत ते अर्नोल्ड थायलर. हे मूळचे स्वित्झर्लंडचे. आफ्रिकेत आल्यावर थोड्याच काळात शेतातल्या यंत्रात त्यांचा एक हात गेला, आणि पुढचं सगळं काम त्यांनी एका हाताने केलं. गुरांच्या बुळकांडी रोगाच्या साथीत त्यांचं नाव झालं. संकरित गाईला गोचीड ताप आला की आपला डॉक्टर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून ज्या 'थायलेरिया'ला शोधतो, त्या परजीवीला नाव याच माणसाचं आहे. विद्यार्थ्यांना हे निघण्याआधीच सांगा. परीक्षेत शंभरदा लिहिलेला शब्द एका माणसाचं आडनाव आहे हे कळलं की ती जागा परकी वाटत नाही.

दुसरा मुक्काम प्रिटोरियापासून साधारण पाच-सहा तासांच्या रस्त्यावर. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या ऑर्पेन प्रवेशद्वाराजवळ हान्स होहायझेन वन्यजीव संशोधन केंद्र आहे. त्याच्या बाजूला म्निसी समाजाच्या वस्त्या आहेत, आणि त्यांची गुरं कुंपणापलीकडच्या रानरेड्यांच्या शेजारी चरतात. माझं मत विचाराल तर दौऱ्याचा जीव इथे आहे. ऑन्डरस्टेपूर्टची रुग्णालयं आणि प्रयोगशाळा पाहून मुलं थक्क होतात, पण विचार करायला लागतात ती या कुंपणाजवळ.

कधी जायचं, कोणाला लिहायचं

जून ते ऑगस्ट. तिकडे तेव्हा हिवाळा असतो, गवत वाळून खाली बसतं, जनावरं पाण्यावर येतात, हिवतापाचा धोका कमी असतो. महत्त्वाचं म्हणजे जनावरं बेशुद्ध करून पकडण्याची कामं थंडीच्या महिन्यांतच होतात. पळालेलं, घाबरलेलं आणि औषधाखाली पडलेलं जनावर उन्हाळ्यात आतून तापून मरू शकतं. डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर हिरवंगार जंगल दिसेल, काम मात्र फारसं दिसणार नाही.

पत्रव्यवहार आठ-नऊ महिने आधी सुरू करा. पत्र कसं नसावं ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. एका परदेशी विद्यापीठाला मी पूर्वी लिहिलं होतं, "आमच्या विद्यार्थ्यांना आपले सर्व विभाग पाहण्याची इच्छा आहे." दोन महिने उत्तर नाही. उत्तर कशाला देतील? सर्व विभाग म्हणजे कोणताच नाही. आता मी एका पानात पाच गोष्टी लिहिते : किती जण, कोणत्या वर्षाचे, त्यांनी आतापर्यंत हाताने काय काय केलंय, आम्हाला कोणते तीन प्रश्न समजून घ्यायचे आहेत, आणि कोणत्या तारखा चालतील. तीन प्रश्न म्हणजे खरे प्रश्न. उदाहरणार्थ, "रानरेड्यातल्या क्षयाची चाचणी शेतावरच्या चाचणीपेक्षा कुठे वेगळी पडते?" पत्र एका व्यक्तीच्या नावे न पाठवता विभागाला आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला दोन्हीकडे पाठवा. माणसं रजेवर जातात, कार्यालय जात नाही.

गट दहापेक्षा मोठा करू नका. उघड्या जीपमध्ये दहा जण बसतात. अकरावा माणूस आला की दुसरी गाडी, दुसरा चालक आणि दुसरा मार्गदर्शक लागतो, आणि खर्च एकदम वर चढतो. आम्ही चौदा होतो. पैसे मोजले आणि शिकलो.

कागद

भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. अर्जासोबत यजमान विद्यापीठाचं निमंत्रणपत्र, महाविद्यालयाचं बोनाफाईड, बँकेचं विवरण, परतीचं तिकीट आणि राहण्याची व्यवस्था हे सगळं जोडा. पारपत्रात दोन कोरी पानं आहेत का ते प्रत्येकाचं स्वतः उघडून बघा. "आहेत मॅडम" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

आता ज्यात हमखास गोंधळ होतो तो विषय : पिवळा ताप. दक्षिण आफ्रिका स्वतः पिवळ्या तापाच्या देशांत येत नाही, त्यामुळे अनेकांना वाटतं लस नको. पण स्वस्त तिकिटं बहुतेक नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जातात, आणि केनिया व इथिओपिया त्या यादीत आहेत. तिथे बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना प्रमाणपत्र मागतात. परतीच्या वाटेवर तिथे विमानतळाबाहेर पडलात तर भारतातही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आखाती मार्गाने गेलात तर ही कटकट टळते. तिकिटाचे दोन-तीन हजार वाचवताना हा हिशेब धरा.

विद्यापीठ एक हमीपत्र पाठवतं : जंगली जनावरांसोबतच्या कामात धोका आहे हे मला मान्य आहे, वगैरे. मुलं न वाचता सही करतात. मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते आणि पालकांचीही सही घेते. प्रवास विमा घेताना वन्यजीव क्षेत्रातल्या कामाला तो लागू आहे का, हे लेखी विचारा.

टोचून घेण्याच्या आणि गिळायच्या गोष्टी

रेबीजची प्रतिबंधक लस पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खरं तर पहिल्याच वर्षी घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीप्रमाणे दोन मात्रा पुरतात, पहिली आणि तिच्यानंतर सात दिवसांनी दुसरी. धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे का ते बघा.

क्रुगरचा भाग हिवतापाचा आहे. हिवाळ्यात धोका कमी असतो, पण शून्य नसतो. गोळी कोणती ते डॉक्टर ठरवतील. एवढं लक्षात ठेवा की डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते, आणि तिच्यामुळे कातडी उन्हाला हळवी होते. आमच्यातल्या एकाने विमानातून उतरताच बंद केली. "डास तिकडेच राहिले ना मॅडम," म्हणाला. डास राहिले, पण रक्तात काय आलं ते कोणाला ठाऊक?

गोचिडींसाठी औषध नाही, सवय लागते. विजार मोज्यात खोचायची आणि रोज रात्री अंग तपासायचं : काखा, जांघा, कानामागे, बेंबी. चावलेल्या जागी काळी खपली, ताप आणि डोकेदुखी हे एकत्र दिसलं तर तिकडचे डॉक्टर लगेच 'गोचीड-चाव्याचा ताप' म्हणतात. इकडे आल्यावर झालं तर आपल्या डॉक्टरांना "मी आफ्रिकेतून आलोय" हे वाक्य पहिलं सांगा. आणि तिथल्या नदीत, तळ्यात पाय घालू नका. मगर आणि पाणघोडा तर आहेतच, शिवाय गोगलगाईतून पसरणारा शिस्टोसोमा नावाचा परजीवी कातडीतून आत शिरतो.

बॅगेत काय

फिक्या खाकी किंवा मातकट रंगाचे दोन जोड. निळा-काळा नको. पहाटे उघड्या गाडीत बसल्यावर दात वाजतात, म्हणून स्वेटर, कानटोपी, मफलर. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून नुसते टीशर्ट नेणारा एकतरी प्रत्येक गटात असतोच. एक जुगाड सांगते : तिथल्या भिंतीवरचं सॉकेट जाड, गोल तीन पिनांचं असतं, आपल्या गिझरला असतं तसं. तुमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सोळा अँपिअरचा जोडप्लग घ्या, विमानतळावर महागडा ॲडाप्टर नको. आणि आम्ही गेलो तेव्हा तिथेही वीज जायची. त्याला ते लोक लोडशेडिंगच म्हणायचे, त्यामुळे आमची मुलं पहिल्याच संध्याकाळी घरच्यासारखी रुळली.

शाकाहारींनी घाबरू नये. मक्याच्या पिठाचा 'पाप' सगळीकडे मिळतो, तो घट्ट उकडीसारखा लागतो. सोबत चकालाका नावाची भाज्यांची तिखट चटणी. प्रिटोरियात लॉडियम या भारतीय वस्तीत वरणभाताची तलफ भागते.

बूट

आता मुद्द्यावर. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत रोगाचे ओ, ए आणि एशिया-१ हे प्रकार फिरतात, आणि आपली लस त्यांच्यासाठीच असते. दक्षिण आफ्रिकेतल्या रानरेड्यांत सॅट-१, सॅट-२ आणि सॅट-३ हे प्रकार असतात. एका प्रकाराची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. म्हणजे आपला विषाणू तिकडे गेला तर त्यांची गुरं उघडी, तिकडचा इकडे आला तर आपली उघडी. २०१९च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने लाळ्या-खुरकूतमुक्त प्रदेशाचा दर्जा गमावला, आणि निर्यातीवर काय परिणाम झाला ते तिथला कोणताही पशुपालक सांगेल. लम्पीचं उदाहरण तर ताजं आहे. १९२९ मध्ये झांबियात प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ मध्ये भारतात पोचला, आणि २०२२ मध्ये आपल्या गोठ्यांत काय झालं ते विसरलेला शेतकरी नसेल.

म्हणून असं करा. दौऱ्यासाठी वेगळे बूट घ्या, ज्यांनी भारतातला गोठा पाहिलेला नाही. ते परवडत नसेल तर असलेले धुवा, पण क्रमाने. आधी ब्रश आणि साबणाने खाचांतला चिखल, शेण पूर्ण काढा. घाण राहिली तर वरून ओतलेलं कोणतंही औषध तिच्याखाली पोचत नाही. त्यासाठी जुना दातांचा ब्रश आणि खिळा लागतो. मग धुण्याचा सोडा, एका लिटर पाण्याला ४० ग्रॅम, त्यात तळवे दहा मिनिटं बुडवून ठेवा. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही सोसत नाहीत, म्हणून हा स्वस्तातला सोडा चालतो. खाण्याचा सोडा नव्हे. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाच्या जंतूंच्या बीजाणूंना मात्र या सोड्याने काही होत नाही, त्यामुळे मेलेल्या जनावराजवळ मार्गदर्शकाने "थांबा" म्हटलं की पाऊल पुढे टाकायचं नाही. बूट उन्हात पूर्ण वाळवा आणि वेगळ्या पिशवीत भरा. जाण्याआधी आणि येण्याआधी, दोन्ही वेळा. स्टेथोस्कोप, ॲप्रन, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय यांचाही हिशेब करा. आणि निघण्याआधीचे सात दिवस कोणत्याही गोठ्यात जाऊ नका.

पहिले तीन दिवस, ऑन्डरस्टेपूर्टला

पहिला दिवस झोपेचा समजा. घड्याळ साडेतीन तास मागे असतं, म्हणजे मुलं पहाटे तीनला टक्क जागी आणि दुपारी व्याख्यानात पेंगतात. रुग्णालयात सकाळच्या फेरीला उभं राहायची परवानगी आधीच मागून ठेवा. तुम्ही तिथे नोंदणीकृत नाही, त्यामुळे सुईला, चिमट्याला हात लावायचा नाही. विचारायचं, बघायचं, लिहायचं. फेरीत मुलांनी गप्प राहू नये म्हणून मी एक नियम केला : रोज प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, आणि तो पुस्तकात उत्तर सापडणारा नसावा. दुसऱ्या दिवशी परभणीकडच्या एका मुलीने शवविच्छेदन कक्षात विचारलं, "हे झाल्यावर सांडपाणी जातं कुठे?" प्राध्यापक तिला घेऊन मागच्या बाजूला गेले आणि पाऊण तास तिथेच होते.

ऑर्पेनजवळचे दिवस

म्निसी भागात सकाळी डिप टँकवर जा. लांबट काँक्रीटचा हौद, त्यात गोचीडनाशक मिसळलेलं पाणी. रांगेने आलेली गुरं एकेक करून धप्पकन उडी मारतात, चार हात पोहतात आणि पलीकडच्या उतारावरून ठिबकत वर येतात. काही अनुभवी गाई तर स्वतःच पुढे होतात. पण हौद ही फक्त निमित्ताची गोष्ट आहे. गुरं दर आठवड्याला इथे येतात म्हणून पशुआरोग्य तंत्रज्ञ त्यांना मोजतो, लंगडतंय का, लाळ गळतेय का बघतो, शंका आली तर तोंड उघडून जीभ आणि हिरड्या तपासतो. जन्म, मृत्यू, विक्री सगळं वहीत. मुलांना हौदाचे फोटो काढू द्या, पण त्या वहीजवळही उभं करा. आपल्याकडे राधानगरीच्या बाजूला गवे आणि गाई एकाच रानात चरतात, मध्ये कुंपण नाही आणि दर आठवड्याची वहीही नाही. परतल्यावर आमच्या दोन मुलांनी याच विषयावर प्रबंध घेतला.

तिथे त्सोंगा भाषा चालते. सकाळी भेटलात की "अवुशेनी" म्हणा. उत्तरादाखल "आहेऽ" ऐकू येतं, आणि मराठी मुलं हमखास हसतात. हसू द्या, पण का हसलात ते समोरच्याला समजावून सांगा. तिथले एक आजोबा ते ऐकून इतके खूश झाले की पुढचा अर्धा तास ते 'आहे' म्हणत होते.

रानरेड्यांची क्षयचाचणी पाहायला मिळाली तर सोडू नका. क्रुगरच्या रानरेड्यांत हा रोग १९९० मध्ये आढळला, आणि रानरेडे खाणाऱ्या सिंहांपर्यंत पोचला. चाचणी आपल्याच ओळखीची : कातडीत ट्युबरक्युलिन टोचायचं आणि ७२ तासांनी सूज मोजायची. पण आपली म्हैस खोड्यात उभी राहते. रानरेडा दोनदा बेशुद्ध करावा लागतो, आणि मधले तीन दिवस वाड्यात ठेवावा लागतो.

शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी गेंड्याचं शिंग कापतात, तेव्हा आम्ही एकदा उभे होतो. त्याबद्दल एकच सांगते. इटॉर्फीन हे भुलीचं औषध भरण्याआधी डॉक्टरांनी सगळ्यांना दहा पावलं मागे पाठवलं, हातमोजे घातले, आणि सोबत्याला मोठ्याने विचारलं, "माझं औषध कुठंय?" सोबत्याने माणसासाठीचा उतारा भरलेली सिरिंज वर धरून दाखवली. मगच बाटली उघडली. हत्ती-गेंड्याला पाडणारं हे औषध माणसाच्या ओल्या डोळ्यात किंवा जखमेत थोडं जरी गेलं तरी जीवावर बेततं. पुढे हेलिकॉप्टर, डोळ्यांवर फडकं, कानात कोंबलेले मोजे, करवतीचा आवाज, उडणारा नखासारखा भुसा. शिंग म्हणजे केरॅटिनच. ते सगळं मुलांना आठवतं. मला आठवते ती वर धरलेली सिरिंज. मुलांना सांगा, तुमच्या टीममध्ये ती कोण धरणार हे ठरल्याशिवाय टोपण उघडायचं नाही.

उतारा टोचला की मिनिट-दोन मिनिटांत गेंडा उठतो. त्याआधी सगळे गाडीत असले पाहिजेत. फोटोसाठी रेंगाळणाऱ्याला दंडाला धरून आणा.

फोटो

फोनमधलं ठिकाण नोंदवणं घरून निघतानाच बंद करा. गेंड्याचा फोटो ठिकाणासह टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. शिंगं, हेलिकॉप्टरचे क्रमांक, कर्मचाऱ्यांचे चेहरे, यातलं काहीही परवानगीशिवाय टाकू नका. आमच्या गटाचा नियम : दौऱ्यात एकही फोटो समाजमाध्यमावर नाही, परतल्यावर यजमानांना दाखवून मग.

परतताना

साळिंदराचा काटा, पीस, शिंगाचा तुकडा, रंगीत दगड, मुठभर माती, बिल्टाँग नावाचं सुकं मांस : काहीही नाही. रक्ताची काच, नमुना तर मुळीच नाही. त्याला दोन्ही देशांचे परवाने लागतात, आणि ते मिळवायला महिने जातात. ऑर्पेनहून निघण्याच्या आदल्या रात्री मी सगळ्यांच्या बॅगा उलट्या करते. पहिल्या दौऱ्यात एका मुलाच्या चपलेच्या खाचांत डिप टँकजवळचा लाल चिखल तसाच निघाला होता. चप्पल तिथेच टाकली, आणि तो अनवाणी विमानतळावर जायला निघाला तेव्हा कोणीतरी त्याला स्वतःच्या स्लिपर दिल्या.

उतरल्यावर सात दिवस कोणताही गोठा नाही, दुभती गाय नाही, शेळ्यांचा बाजार नाही. आमच्यासारख्यांना हे फार जड जातं. दुसऱ्या दौऱ्यानंतर पाचव्या दिवशी भावाचा गावाहून फोन आला, गाय व्यायलीय, वासरू बघायला ये. मी म्हटलं, फोटो पाठव. "एवढी आफ्रिकेला जाऊन वाघसिंहात राहून आलीस, आणि आपल्या गोठ्यात यायला घाबरतेस होय?" त्याला समजावत बसले नाही. आठव्या दिवशी गेले, अंगणात बूट काढले आणि त्याचे गमबूट घालून आत शिरले. दोन नंबर मोठे होते.